खिशातलं

शाळेची रिकामी बस वळणावर लावून
ओडलॉग आडोशाला गेली, इतकंच निमित्त.
पडक्या गोठ्याच्या भिंतीतून वाकडं निघालेलं झाड,
खाली फ्योर्डचं काळं पाणी,
फांदीवर अकरा सफरचंदं. मोजली तिनं.

रूप म्हणाल तर काही नाही.
गंजल्या पत्र्याची साल, बटाट्याचा बांधा.
एक चावलं, थुंकलं.
आंबटढाण, वर तुरट. संध्याकाळपर्यंत दात आंबलेले.
दुसरं उगाच जॅकेटच्या खिशात टाकलं,
कारण मागून दुधाचा टँकर हॉर्न वाजवत होता.

फेब्रुवारीत नोकरी संपली.
गणवेश परत करायचा म्हणून खिसे उलटे केले:
शिट्टी,
कागदात गुंडाळलेला कुणाचा तरी दुधाचा दात,
आणि ते.
सुरकुतलेलं, मऊ,
वास असा की कचेरीतल्या बाईनं मान वर केली.
दोघींनी फुटपट्टीनं कापून खाल्लं.
मध, आणि मधाच्या मागे कुठेतरी बडीशेप.
बियासुद्धा टाकवेनात.

ती तशीच वर गेली, गुडघाभर बर्फातून.
गोठा नव्हता.
डोंगरावरून सुटलेलं बर्फ त्याला खाली घेऊन गेलेलं,
झाड आडवं, मुळं आभाळाकडे.
एका फांदीला मात्र अजून कुणी सांगितलं नव्हतं.
तिच्या पेन्सिलीएवढ्या तीन काड्या
ओल्या वर्तमानपत्रात, फ्रिजमध्ये, हेरिंगच्या बरणीशेजारी.
"ही कसली भाजी?" स्यूर म्हणाला.

एप्रिलमध्ये पाचर कलम.
आजवर तिनं फक्त पंक्चर काढलेलं,
म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आवळली.
पहिली काडी वाळली.
दुसरी शेजारच्या मेंढीनं खाल्ली.
तिसरीनं जूनपर्यंत काही कळू दिलं नाही,
मग एक डोळा किलकिला झाला.

सहा वर्षं.

संशोधन केंद्राचं पत्र आलं:
आमच्या नोंदीतल्या कुठल्याही जातीशी जुळत नाही,
कृपया नाव कळवावे.
तिनं लिहिलं, लोम्मे.
त्यांच्या भाषेत, खिसा.

आता ऑक्टोबरात तिच्या बसमधली पोरं येतात,
चावतात, थुंकतात, तोंडं वेडीवाकडी करतात.
ती प्रत्येकाच्या खिशात एकेक घालते, चेन ओढते.
म्हणते, विसरा आता.

गुरो नावाची एक मुलगी विसरत नाही.
रोज चाचपते, दाबून बघते, कुणाकुणाला दाखवते.
तिचं नाताळच्या आत कुजणार,
ओडलॉगला दिसतंय. बोलत नाही.
तळघरात, वाळूच्या खोक्यात,
एक जास्तीचं पुरून ठेवलंय.