डावीकडचा छोटा

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
आमचं भरायचं.
खुरीबगाच्या पठारावर, फॉस्फेटच्या खाणीमागे
बा अंधारातच उतरायचा, अंगापुरत्या बिळात,
तोंडाला मफलर गुंडाळून,
आणि दुपारी वर यायचा तो भुवयांसकट पांढरा,
गिरणीतून पीठ दळून आल्यासारखा.
खिशात शार्कचे दात.

समुद्र मी पाहिला पंचविसाव्या वर्षी, कासाब्लांकात.
फारच नवा वाटला.

शार्कला हाड नसतं, बा सांगायचा,
नुसती कूर्चा, तुझ्या कानासारखी,
ती विरून जाते.
जन्मभर जे तोंडातून गळत राहिलं
तेवढंच उरतं.

जेवणं झाली की सतरंजीवर ढीग ओतायचा.
ओळखायला डोळे नकोत, इट्टो, ओठ पुरे.
खालच्या ओठावरून कड फिरव.
गुळगुळीत लागली, आणि दोन्ही अंगांना छोटे दात असले,
बापाची बोटं धरून उभी दोन पोरं असावीत तसे,
तर तो ओटोडस, पोत्यानं मिळतो.
नखाला उभ्या रेघा लागल्या तर वाळूतला शार्क,
तो डझनावर द्यायचा.
पण कड करवतीसारखी चरचरली
तर एक शब्द बोलू नकोस,
आधी दार लावून घे.

दार आम्ही फारसं लावलं नाही.

रात्री चहाच्या किटलीशेजारी डिंक तापायचा.
एकाचं मूळ, दुसऱ्याचं टोक,
सांध्यात दगडाचा भुगा, जराशी थुंकी,
वरून चहाचा हात.
लबाडी? लबाडीच.
तुटक्याला पाच दिरहम, अख्ख्याला पन्नास,
तेही दातांच्या कण्या करून.
आणि आम्ही चौघं.

सातव्या वर्षी माझा पुढचा दात पडला.
गच्चीवर उभी राहून मी तो सूर्याकडे भिरकावला,
आमच्यात म्हणतात तसं म्हणत:
गाढवाचा घे, हरणाचा दे.
बा खाली कोंबड्यांना दाणे टाकत होता.
संध्याकाळी तो अंगणातली माती चाळताना दिसला,
खाणीतल्याच चाळणीनं, उकिडवा.
काय शोधतोस?
म्हणाला, खिळा पडलाय.

मार्चमध्ये बा गेला. बिळानं नाही, छातीनं.
साखरेच्या डब्यात, फडक्यात बांधलेला
एक दात निघाला, कधी कुणा गिऱ्हाईकाला न दाखवलेला.
मी ओठाला लावला. चरचरला.
दार लावून घेतलं.

अँटवर्पचा लीव्हन दर वसंतात येतो,
भिंग त्याच्या गळ्यात, गाईच्या घंटेसारखं.
त्यानं दात उन्हात धरला, उलटा केला, बराच वेळ गप्प.
कड अस्सल, म्हणाला, मूळ अस्सल,
उजवीकडचा छोटाही याचाच.
डावीकडचा मात्र बसत नाही.
दुसराच कुठला तरी प्राणी.
मग अर्धी किंमत सांगून जेवायला गेला.

रात्री मी तो ॲसिटोनमध्ये टाकला.
बाचा डिंक, सहज सोडणारा नव्हे.
पहाटे पेल्याच्या तळाशी
चहाचा रंग उतरलेला,
तांदळाएवढा पांढरा
एकटाच पडला होता.

ओठावरून फिरवला.
ना गुळगुळीत, ना करवत.
काही लागलंच नाही.
आपलं आपल्याला लागत नाही बहुतेक.

बाकीचा लीव्हनला दिला, एका बाजूनं उघडा.
त्यानं सवयीनं चिठ्ठ्या ठेवल्या,
प्रत्येक डबीवर लाव म्हणाला: ठिकाण, थर, नाव.
एक माझ्याकडे उरली.
ठिकाण: कोंबड्यांचं अंगण.
थर: सगळ्यात वरचा.
नावापुढे गाढव लिहिलं,
मग खोडलं.