पांढरी वायर

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमागे, रात्री पावणेदोनला,
चाळीस फुटी ट्रेलर उभा.
ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर पेटतो,
डावा दिला की सगळं शेपूट लुकलुकतं,
आणि हेडलाइट लावले की मागे
समईएवढाच उजेड.

भागुजी सानप म्हणतो, बाधा झालीय गाडीला.
पाथर्डीहून दिवसा निघाला, दिवे कुणी बघितलेच नाहीत.
नगरला एकाने बल्ब बदलले,
चाकणला दुसऱ्याने फ्लॅशर,
कळंबोलीला तिसऱ्याने नुसतेच पैसे घेतले.

मी खाली शिरतो. पाठीखाली पुठ्ठा, दातांत टॉर्च.
सात पिनांचं सॉकेट उघडतो:
आत हिरवट बुरशी, एक मेलेलं झुरळ,
कुणाच्या तरी हातची चिकटपट्टी, उन्हाने डिंक झालेली.
रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, दाऊदभाई सांगायचे.
पिवळी डावी, हिरवी उजवी, लाल ब्रेकची,
हे कंपनीत. रस्त्यावर येईपर्यंत
हाताला लागेल ती वायर लागेल त्या जागी बसते.
दिवा लावून बघ.

त्यांचा टेस्ट लॅम्प अजून माझ्याकडे आहे.
चोवीस व्होल्टचा बल्ब, एका टोकाला चिमटा,
दुसऱ्याला सायकलच्या स्पोकची घासलेली सुई.
चिमटा लांब वायरने थेट बॅटरीच्या मायनसला.
टोचतो. पेटतो. टोचतो. पेटतो.
जाणारा सगळीकडे नीट जातोय.

"मग भानगड काय?" वरून सानप.
"अर्थ लागत नाहीये."
"मला तर सकाळपासून कशाचाच लागत नाहीये,"
तो म्हणतो आणि बिडी पेटवतो,
डिझेलच्या टाकीपासून चार हात लांब जाऊन,
तेवढं भान आहे.

दाऊदभाई परकार शिकले चौथीपर्यंत, तेही बाणकोटला.
पण मला त्यांनी असं समजावलं होतं:
करंट म्हणजे पाहुणा. आला, चहा घेतला, उजेड दिला,
आता त्याला घरी जायचंय.
त्याची वाट अडवलीस तर तो
शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून जाणार.
भांडी पडणार. शेजारी जागा होणार.
ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर का पेटतो, कळलं?
मी मान हलवली. कळलं नव्हतं.
एकोणीस वर्षांचा होतो.

मागच्या आडव्या चॅनेलवर पांढरी वायर सापडते.
बोल्टला आहे. घट्ट. हलत नाही.
कुणीही बघून पुढे गेला असता, तिघे गेलेच.
पण बोल्टखाली ताजा निळा रंग:
पासिंगच्या आधी मालकाने ट्रेलर नखशिखांत रंगवला,
बोल्ट काढला, रंग मारला, परत आवळला.
दिसायला लागलेली,
लागलेली नाही.

पॉलिश पेपर घेतो,
रुपयाएवढी जागा घासत राहतो.
निळ्याखाली लाल, लालखाली गंज, गंजाखाली
एकदम पांढरं, थंड लोखंड.
काटेरी वॉशर. आवळ. वरून ग्रीस.

तपासायला दोन माणसं लागतात.
वर्षानुवर्षं मी केबिनमध्ये, पायाखाली ब्रेक,
आणि मागून, अंधारातून, त्यांचा आवाज:
डावा! उजवा! दाब! सोड!
त्यांतला एकही दिवा मी कधी पाहिला नाही.
ते गेल्यापासून एक फळी ठेवलीय,
सीट आणि पेडल यांच्यामध्ये टेकेल अशी कापलेली.
काम भागतं.

आज सानप म्हणतो, फळी कशाला, मी बसतो की.
मी मागे जाऊन उभा राहतो
आणि माझ्याच घशातून ओरडतो: डावा!
पिवळा. एकटाच. शेजारी गाढ झोपलेले.
उजवा! ब्रेक!
कंपाउंडची भिंत लाल होते,
भिंतीलगतचं कुत्रं उठून बसतं.

"काय दिसतंय?" सानप विचारतो.
सांगतो, म्हणतो मी,
जरा वेळ दाबून धर.