वाट वाकडी

आदळून फुटलेल्यांची चित्रं सगळ्यांनी पाहिलीत:
ठिणग्या, फवारे, पोस्टरवरची पिवळी कारंजी.
आम्ही त्यांच्यासाठी जागत नाही.

आम्ही म्हणजे बुडापेस्टची इल्डिको,
मार्चमध्ये निवृत्त होणारा एर्मान्नो, आणि मी.
सेसी गावाबाहेर, मक्याच्या शेतालगत,
बिनखिडक्यांची खोली, बडीशेपेचा चहा.
शंभर मीटर खाली बोगदा.

आम्हाला हवेत ते, जे फुटले नाहीत.
समोरून आलेल्याला ओझरते भेटले
आणि अखंड पुढे गेले.
वाट तेवढी वाकडी झाली,
दोनशे वीस मीटर चालल्यावर
कुठे चार मिलिमीटर, कुठे सहा.

त्यांना गाठायला पोलादी डबा आहे.
त्याची एक भिंत कागदाहून किंचित जाड,
ती एर्मान्नोने जोडली,
श्वास रोखून,
चार डबे वाया घालवून.

पावणेचारला डबा झोताकडे निघाला,
दहा-दहा मायक्रॉन.
निजलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतात ना,
तसा, फक्त उलट दिशेने.
एकदा गजर झाला. झोताच्या कडेची विरळ धूळ लागली.
एर्मान्नो इटालियनमध्ये ‘माफ करा’ म्हणाला,
पडद्याला.

मग ते येऊ लागले, जोडीजोडीने:
या टोकाला एक वर,
त्या टोकाला त्याचा सोबती तेवढाच खाली.

आलेख उतरतो, उतरतो,
एका कोनापाशी खड्डा.
तिथे जवळजवळ कुणीच जात नाही.
पलीकडे पुन्हा थोडे.
प्रोटॉनची सावली अशी पडते, इल्डिको म्हणते,
काठाला दुमड घेऊन.

आणि मधोमध, शून्य कोनाशी,
आम्हाला बसता येत नाही. तिथे झोतच आहे.
जे भेटूनही वळले नाहीत
आणि जे भेटलेच नाहीत,
ते तिथे सारखेच दिसतात.
म्हणून कडेचे ठिपके धरून रेघ मागे ओढायची,
त्या न पाहिलेल्या जागेवरून
सगळ्या भेटींचा हिशेब मांडायचा.
सुतावरून स्वर्गच,
पण सूत नीट मोजलेलं.

सहाला पाळी संपली. जुरावर धुकं.
‘एकोणीस वर्षं शेजारी बसून जेवलो,’ एर्मान्नो म्हणाला,
‘माझ्या मुलीचं नाव सांग.’
इल्डिकोने मफलर गुंडाळला, सोडला.
‘ओर्नेल्ला?’
‘ओर्तेन्सिया. पण जवळून गेलीस.’

पेरोलाझबाईंच्या गाई रस्ता ओलांडेपर्यंत
गाडी थांबवून ठेवली.
अकरा होत्या. मी मोजल्या.