बिबवेवाडी, तिसरा मजला

दात काढल्यापासून फुंकर ठरत नाही,
म्हणून रास्ता पेठेतल्या बँडचे गुलाबराव भिसे
माझ्या माइकसमोर नुसतं गुणगुणले.

सॉफ्टवेअरनं त्याचे मिडीचे हिरवे चौकोन केले.
मींड होती तिथं पायऱ्या.
खोकल्याचा झाला एक कोमल निषाद,
खाली कुणी टेम्पो रिव्हर्स घेत होतं
त्याचेही सहा, अगदी तालात.

निषाद पुसला. टेम्पो पुसला.
क्लॅरिनेटचा आवाज लावून प्ले दाबलं.

त्यांनी पूर्ण ऐकलं. टोपी काढली, परत घातली.
"सुरात आहे. पण हा गडी
श्वास कुठं घेतो?"

दाखवा म्हटलं.
स्क्रीनवर जाड बोट टेकलं : इथं.
आणि इथं, वरात वळते तेव्हा.

मी चौकोन कापत गेलो.
दर फटीशी
गुलाबरावांची छाती वर येत होती.