हजर नसलेली किल्ली

पाच युरोचा सेल, शर्टाच्या बटणाएवढा.
इर्मेलीने तो हातमोजे काढून बसवला,
आधी उलटा, मग सुलटा.
भाजीच्या सुरीने कवच उचकटताना
अंगठ्याला लागलं ते वेगळंच.

आणि गाडी ढिम्म.
औलूच्या पार्किंगमध्ये उणे बावीस,
सगळ्या गाड्यांवर सारखाच बर्फ.
ही बटण दाबते आहे, दाबते आहे,
किल्लीतला लाल ठिपका लुकलुकतो,
म्हणजे किल्ली बोलते आहे. ऐकणारं कोणी नाही.

वरच्या मजल्यावरचा तेस्फाय खाली आला,
पायजम्यावर जाड कोट चढवून.
तांब्याची पट्टी त्याने नखाने जरा वर केली,
सेल बाहीला पुसला, म्हणाला,
कधीकधी सेल बदलला की ओळखही जाते,
पुन्हा शिकवावं लागतं गाडीला.
आत बसून पाच वेळा फिरवा, चालू, बंद,
मग कुलपाचं बटण.
पण घरातल्या सगळ्या किल्ल्या आणा एकदम.
जी आत्ता इथे नसेल
तिला गाडी विसरणार.

दुसरी किल्ली राउनोकडे.
तुर्कूला. सात वर्षं झाली.
हिने मागितली नाही, त्याने दिली नाही,
भांड्यांची वाटणी मात्र चमच्यापर्यंत झाली होती.

इर्मेलीने फोन काढला,
किती वाजले ते पाहिलं,
परत खिशात ठेवला.

मग मोजलं तिने मोठ्याने, फिनिशमध्ये,
तेस्फायने तिग्रिन्यात, पुटपुटत.
पाचाला दोघं एकदम थांबले.

खट्.
चारही दारं.

तुर्कूत कुठल्याशा ड्रॉवरमध्ये
काहीच वाजलं नाही.

काच खरवडायला अजून वीस मिनिटं लागली.