कडू लागलं का

गडचिरोलीहून खोकं आलं.
मास्क चाळीस, माप एकच.
तपासणीचं औषध मागाहून येईल असं पत्रात आहे.
मागाहून म्हणजे कधी, ते पत्रात नाही.

म्हणून मी भुईनीम उकळला
काल रात्रपाळीला, बाळंतिणींच्या पाण्याच्या शेगडीवर,
आणि फडक्यातून गाळून भरला
लक्षणेच्या सलूनमधून मागून आणलेल्या फवाऱ्यात.
(परत द्यायचा आहे.)

डोक्यावरून घालायचं टोपडं
पऱ्हे झाकायच्या प्लास्टिकचं.
समोर काच हवी, तिथे एक्स-रेची जुनी फिल्म,
ब्लीचमध्ये धुतलेली.
उजेडाकडे धरली तर अजून
कुणाच्या तरी बरगड्या पुसट दिसतात.

आधी मास्कविना एक फवारा, चव कळावी म्हणून.
मग मास्क लावून आत.
मान हलव. वर बघ. खाली वाक.
मोठ्यानं काहीतरी बोल.
कडू लागलं का?
लागलं तर मास्क गळतोय.
नाही लागलं, तर तो तुझा.

गेडाम ब्रदर दंडारीत काम करतो.
त्यानं टोपड्यातून अख्खा प्रवेश म्हटला,
राजाचा आणि प्रधानाचाही,
आणि शेवटी ठसकत, 'जहर हाय जी सिस्टर, जहर.'
दाढी काढून ये, म्हटलं.
'मंडई होऊ द्या ना. दाढी राजाची हाय.'
राजाला न्यूमोनिया झाला तर प्रजेनं कुठे जायचं,
असं मी म्हणाले नाही. नुसतं घड्याळ दाखवलं.
वीस मिनिटांत आला, हनुवटीवर कापलेलं, कापूस लावून.

चढवणं कुणालाही येतं.
मी तास घालवते उतरवण्यावर.
आधी हातमोजे. मग हात धू.
गाऊन आतली बाजू बाहेर करत, अंगापासून लांब,
सापाला घाई नसते कात टाकताना, तुलाही नसावी.
मास्क सगळ्यात शेवटी, मागच्या पट्ट्यांनी,
डोळे मिटून.
नाक खाजतंय? खाजू दे.

मग सगुणा मडावी.
तेवीस वर्षं, अकरा महिन्यांचा करार,
चेहरा वाटीएवढा.
गालापाशी मास्क उचललेला, करंगळी जाईल इतका.
दहा फवारे दिले. वीस दिले.
'काई नाई लागत जी.'
काहीच?
'काईच नाई.'
मास्कविना एका थेंबाला तोंड वाकडं केलं होतं हिनं.
फिल्मच्या मागे, त्या दुसऱ्याच्या बरगड्यांमागे,
तिचे डोळे भरून आलेले,
आणि आत जीभ ओठांवरून फिरली
तेव्हा मास्क हलला, तेही दिसलं.

आयसोलेशनच्या यादीत ज्यांचं नाव नाही
त्यांचा करार पुढे जात नाही,
हे तिला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे.

मागे एका साथीत मीही म्हटलं होतं,
बसतो, छान बसतो.
तेव्हा फवारा नव्हता, विचारायला फक्त बेसिनवरचा आरसा.
पुढे सहा महिने टीबीच्या गोळ्या.
लघवी पळसाच्या फुलांसारखी व्हायची
आणि मी घरी सगळ्यांच्या आधी उठायची.

तक्त्यात दोनच रकाने होते, बसतो आणि गळतो.
मी दोन्हींच्या मधे, रेघेवरच लिहिलं:
लहान माप पाठवा.
खाली सही, सहीखाली पुन्हा तेच.
आणि तिला म्हटलं, ये बाहेर.
उद्याची बॅच तू तपासायची.
कोण गिळून घेतंय ते तुला लवकर कळेल.
यादीत तसंच नाव टाकलं, सगुणा मडावी, तपासनीस.
असं पद नसतं.
डॉक्टरांनी वाचलं, पेन खिशाला लावलं,
काही बोलले नाहीत.

फवारा तीन पाण्यांनी धुऊन
सलूनमध्ये पोचवला.
रात्री नऊला लक्षणेचा फोन,
'सिस्टर, काय भरलं होतं जी याच्यात?
गिऱ्हाईक थुकून राह्यलं.'