मागाच्या वहीचं मागचं पान

तीन नंबरचा माग कण्हला
की मी हातातला चहा खाली ठेवतो.
बाकीचे सहा खडाखड चालू असतात,
वडगावची अख्खी गल्ली दणाणत असते,
तरी कळतं, पिकर झिजलाय
नाहीतर धोटा आडवा यायला लागलाय.
एकतीस वर्षं झाली. कान तयार आहे.

डाव्या गुडघ्यानं मात्र
दोन पावसाळे हाका मारल्या.
मला वाटलं, शेजारच्याला मारतोय.

मग भाच्यानं, प्रज्योतनं,
मनगटाला काळा पट्टा बांधला.
दहा हजार पावलं, मामा. रोज.
कामावर तो काढून ठेवायचा,
मोटारीच्या पट्ट्यात हा पट्टा अडकायला नको.
त्यामुळं त्याला कधी कळलंच नाही
की मी आठ तास उभाच असतो.

पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली
रिटायर्ड साहेबांच्या मागोमाग सुटलो.
दहा हजार झाली की पट्टा थरथरायचा,
शाबास म्हणायचा.
आठव्या दिवशी गुडघा
रात्रभर भिजलेल्या डाळीसारखा टम्म.

हुद्दार डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एल्ली नोवु?
मी मराठीत सांगितलं,
त्यांनी कानडीत मान हलवली.
गुडघ्याला दोन्ही कळत होतं.
चढताना दुखतो का उतरताना?
झोप किती? जेवल्यावर सुस्ती येते?
कधीपासून?
मी भिंतीवरच्या सांगाड्याकडं बघत बसलो.
मागाचं विचारलं असतं
तर तारखेसकट सांगितलं असतं.

घरी आलो. तेल, बेरिंग, तुटलेल्या तारा,
सगळं ज्या वहीत लिहितो
ती उलटी केली.

सोमवार. रात्रपाळी. झोप साडेचार तास.
जिना चढताना गप्प, उतरताना बोलला.
बुधवार. भात दोन्ही वेळा.
दुपारी तीनला डुलकी, चालत्या मागापाशी. भ्यालो.
शुक्रवार. जोंधळ्याची भाकरी, पुंडीची भाजी.
तीनला टक्क जागा.
रविवार. पुतणीचा साखरपुडा. कुंदा.
किती ते लिहिलं नाही.
सोमवार. लिहितो. चार वाट्या.

सव्वा महिन्यानं पानं मागं उलटत गेलो
तर सूत लागत गेलं.
रात्रपाळीनंतर चालायला जाणं
म्हणजे तापलेल्या मोटारीवर पाणी ओतणं.
साडेचार हजारांपर्यंत गुडघा सोबत येतो,
पुढं मी एकटाच जातो.
खुर्चीवर बसून पाय सरळ धरायचा, दहा आकडे मोजायचे,
हे बाईंनी शिकवलेलं रोज केलं
तर गुरुवारपर्यंत जिना सोपा होतो.
समोरचा यल्लाप्पा उपाशीपोटी येळ्ळूरपर्यंत पळून येतो,
त्याला मानवतं.
मी एकदा गेलो, आणि अनगोळच्या नाक्यावर
डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं.
त्याचा माग वेगळा, त्याचं सूत वेगळं.

आमच्याकडं पंगतीत
कुणी पुरे म्हणतं, कुणी साकु म्हणतं,
वाढप्याचा हात दोन्हीला थांबतो.
अंग इतकी वर्षं दोन्ही म्हणत होतं.
वाढपी मीच होतो,
आणि माझे कान मागाकडं.

परवा पट्टा प्रज्योतला परत दिला.
वाईट नव्हता बिचारा, परगावचा होता.

रात्री शेवंता कांड्या भरता भरता थांबली.
उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला,
दाबला, परत कामाला लागली.
किती दिवस झाले, मी विचारलं.
कशाला?
खांद्याला.
ती हसली. म्हणाली,
तुमच्या वहीत माझं पान कुठं आहे?

वही तिच्याकडं सरकवली.
तिनं पेन घेतलं, टोपण काढलं,
वार घातला.
मग बराच वेळ
खांद्याकडं कान लावून बसली.